पहिलीच्या दप्तरात काय भरायचे, हे कोण ठरवणार?

जून २०२५ मधला एक रविवार. शाळा सुरू होऊन जेमतेम आठवडा झाला होता. विहारात वंदना आटोपली, मंडळी चपला घालू लागली, तेव्हा एक ताई आमच्यापाशी आली. चार घरची धुणीभांडी करते. नवरा बिगारी कामावर. धाकटा मुलगा नुकताच महापालिकेच्या शाळेत पहिलीत बसलेला. तिने विचारले, "दादा, टीव्हीवर ते हिंदी-हिंदी काय चाललंय हो? माझ्या पोराला अजून 'क' काढता येत नाही, त्याला तीन-तीन भाषा? बाईंना विचारलं तर बाई म्हणतात, आम्हाला काय विचारता, वरून आलंय. मग विचारायचं तरी कुणाला?"

खरे सांगायचे तर त्या दिवशी आम्ही तिला उभ्या-उभ्या काहीतरी सांगून वेळ मारून नेली. राजकारण आहे, होईल काहीतरी, असे म्हणालो. पण घरी येईपर्यंत तिचा प्रश्न आमच्या मागे मागे आला. शिक्षक म्हणतात वरून आले. वरचे म्हणतात तज्ज्ञांनी ठरवले. तज्ज्ञ म्हणतात धोरणात आहे. या सगळ्या उतरंडीत सर्वात खाली जे पोर बसले आहे, त्याच्या आईने विचारायचे कुणाला? आज त्या ताईचे उत्तर द्यायला आम्ही बसलो आहोत. उशीर झाला खरा, पण हा प्रश्न शिळा होणारा नाही.

आधी काय घडले ते नीट समजून घेऊ.

केंद्र सरकारने २०२० साली नवे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आणले. त्याच्या अंमलबजावणीसाठी महाराष्ट्र शासनाने १६ एप्रिल २०२५ रोजी एक निर्णय काढला. मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून पाचवीपर्यंत हिंदी ही तिसरी भाषा सक्तीची राहील, असे त्यात होते. तोवर आपल्या मराठी शाळांत हिंदी पाचवीला येत असे. म्हणजे जे दहा वर्षांच्या पोराला शिकवले जायचे, ते आता सहा वर्षांच्या पोराला शिकवायचे ठरले. सुरुवात त्याच वर्षीच्या पहिलीच्या वर्गापासून होणार होती.

ओरड झाली. शासनाचीच जी भाषा सल्लागार समिती आहे, तिचे अध्यक्ष लक्ष्मीकांत देशमुख यांनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून निर्णय मागे घ्यायला सांगितले. आम्हाला विचारलेच नाही, अशी समितीची तक्रार होती. शासनाने नेमलेल्या भाषेच्या समितीला भाषेबद्दल विचारले जात नाही, तिथे धुणीभांडी करणाऱ्या बाईला कोण विचारणार! २२ एप्रिलला शालेय शिक्षणमंत्री दादा भुसे यांनी 'सक्तीची' या शब्दाला स्थगिती दिल्याचे जाहीर केले. लोकांना वाटले, मिटले.

मिटले नव्हते. शाळा उघडल्याबरोबर १७ जूनला दुसरा निर्णय आला. आता 'सक्ती' गेली आणि तिच्या जागी 'सर्वसाधारणपणे' हा शब्द आला. हिंदी सर्वसाधारणपणे तिसरी भाषा असेल. दुसरी एखादी भारतीय भाषा हवी असेल तर वर्गातल्या किमान २० मुलांनी तशी इच्छा दाखवली पाहिजे, तरच शिक्षक मिळेल, नाहीतर ती भाषा ऑनलाइन शिकवली जाईल. वाचकहो, ही अट जरा थांबून पाहा. खेड्यातल्या जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांत पहिलीच्या अख्ख्या वर्गातही २० मुले नसतात. मग २० मुलांची इच्छा आणायची कुठून? कागदावर पर्याय होता, वर्गात नव्हता. आणि ऑनलाइन म्हणजे काय, हे करोनाच्या काळात आपण भोगले आहे. घरात एक मोबाईल, तो बापाबरोबर कामावर, आणि पोरे दारात बसून.

पुन्हा ओरड झाली. शिक्षक, भाषेचे अभ्यासक, पालक, विरोधी पक्ष सगळे उठले. ५ जुलैला मुंबईत मोर्चा ठरला. त्याआधीच, २९ जून २०२५ रोजी, मुख्यमंत्र्यांनी दोन्ही निर्णय रद्द केल्याचे जाहीर केले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. वडाळ्याच्या वस्तीतून वर आलेले, 'आमचा बाप आन् आम्ही' लिहिणारे जाधव आपल्या वाचकांना ठाऊक आहेतच. समितीने पुढे शहरोशहरी जाऊन लोकांची मते ऐकली, प्रश्नावल्या भरून घेतल्या. जे आधी करायचे ते नंतर झाले. आधी निर्णय, मग ओरड, मग माघार आणि शेवटी विचारणा, असा हा उलटा क्रम आहे.

आता शिक्षकांचे म्हणणे काय होते ते बघू. वर्तमानपत्रांतून पुढाऱ्यांची भाषणे ठळक आली, शिक्षकांचे म्हणणे कोपऱ्यात राहिले. आमच्या ओळखीच्या एका गुरुजींनी आम्हाला समजावून सांगितले. ते दोन शिक्षकी शाळेवर आहेत. दोघांत मिळून पहिली ते चौथी. एका खोलीत ते पहिली-दुसरी एकत्र घेतात. ते म्हणाले, "मी पहिलीला अक्षर गिरवायला लावतो आणि दुसरीकडे वळतो, तेवढ्यात पहिलीची दोन पोरं खिडकीत जाऊन उभी राहतात. त्यांना मराठी वाचायला आणायलाच मला वर्ष पुरत नाही. इंग्रजी आहेच. आता तिसरी भाषा. ती मी शिकवायची, कारण दुसरं कुणी नाही. मला लहान मुलांना हिंदी शिकवायचं शिक्षण नाही. पण कुणी विचारलंच नाही."

गुरुजींच्या बोलण्यात आणखी एक गोष्ट आली, ती आम्हाला फार महत्त्वाची वाटली. पहिलीत येणाऱ्या किती मुलांची घरची भाषा पुस्तकातली मराठी असते? कुणाच्या घरी अहिराणी, कुणाच्या घरी वऱ्हाडी, कुणाच्या घरी गोंडी, कुणाच्या घरी पारधी बोलतात. त्या पोराला पुस्तकातली मराठी हीच पहिल्या दिवशी नवी भाषा असते. म्हणजे कागदावर ज्या तीन भाषा दिसतात, त्या आपल्या पोराच्या बाबतीत चार होतात. दिवाणखान्यात पुस्तकाचे कपाट असलेल्या घरातल्या मुलाला हे ओझे वाटणार नाही. त्याची आई संध्याकाळी त्याला जवळ घेऊन बसते. आपली आई त्या वेळी दुसऱ्याच्या घरची भांडी घासत असते.

शिक्षकांचा राग केवळ या एका निर्णयावर नव्हता. तो आधीपासून साचत आला होता. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या निर्णयाने सहावी ते आठवीच्या वर्गांत पटसंख्या २० च्या खाली असेल तर तिथे शिक्षकाचे पदच मंजूर होणार नाही, अशी वेळ आणली. पुढे कमी पटाच्या शाळांवर कंत्राटी शिक्षक नेमण्याचे ठरले. त्याविरुद्ध २५ सप्टेंबर २०२४ रोजी राज्यभरातल्या प्राथमिक शिक्षकांनी सामुदायिक रजा टाकून मोर्चे काढले. एप्रिल २०२५ मध्ये परीक्षांचे एकच वेळापत्रक आले आणि पहिली ते नववीच्या परीक्षा २५ एप्रिलपर्यंत लांबल्या. पेपर तपासून १ मे रोजी निकाल कसा द्यायचा आणि पत्र्याच्या खोलीत त्या उन्हात पोरांना कसे बसवायचे, हा शिक्षकांचा साधा सवाल होता. एका हाताने शिक्षक कमी करायचे आणि दुसऱ्या हाताने विषय वाढवायचे, ही कोणती सुधारणा?

सरकारचीही बाजू ऐकली पाहिजे. एकतर्फी बोलणे आपल्याला शोभत नाही. सरकारचे म्हणणे असे की राष्ट्रीय धोरणात तीन भाषा आहेत, लहान वयात मूल भाषा पटकन उचलते, आणि पुढे गुणांचे श्रेयांक जमा होण्याची जी पद्धत येत आहे तिच्यात तिसरी भाषा न शिकलेली मराठी शाळेतली मुले मागे पडतील. शिवाय मराठी तर २०२० च्या कायद्याने सर्व शाळांत सक्तीची आहेच, तिला धक्का नाही.

यातला एकही मुद्दा हसून उडवण्यासारखा नाही. परंतु त्याच राष्ट्रीय धोरणात हेही लिहिले आहे की कोणत्याही राज्यावर कोणतीही भाषा लादली जाणार नाही, आणि भाषांची निवड राज्यांची, प्रदेशांची व विद्यार्थ्यांची असेल. आणि लहान मूल भाषा पटकन उचलते हे खरे असले, तरी ते ती उचलते कानाने, खेळात, शेजारच्या पोरांबरोबर. मुंबईतल्या आपल्या चाळीत-झोपडपट्टीत पाच वर्षांचे पोर हिंदी फाडफाड बोलते, त्याला कुणी शिकवत नाही. बोलणे वेगळे, आणि लिहिणे-वाचणे, परीक्षा देणे वेगळे.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर गैरसमज होईल. आमचे हिंदीशी वैर नाही. बाबासाहेबांनी भाषावार प्रांतरचनेवर १९५५ साली जे पुस्तक लिहिले, त्यात साऱ्या देशाची राज्यकारभाराची भाषा एकच असावी, ती पुढे हिंदी व्हावी, आणि देश त्यासाठी तयार होईपर्यंत इंग्रजी असावी, असे मत मांडले आहे. उत्तरेतल्या आपल्या बांधवांशी आपण हिंदीतच बोलतो. भीमजयंतीला नागपूरपासून दिल्लीपर्यंत आपली निम्मी गाणी हिंदीत वाजतात. प्रश्न भाषेचा नाही. कोणत्या वयात, कुणाच्या वर्गात, कोणत्या शिक्षकाच्या बळावर, आणि कुणाला विचारून, हा प्रश्न आहे.

मग अशा वादात आपण कोणत्या बाजूला उभे राहायचे? शिक्षकांच्या की सरकारच्या? आमचे उत्तर असे की आपल्याकडे स्वतःचे माप आहे. ते मोजपट्टीसारखे खिशात ठेवावे आणि प्रत्येक सुधारणेला लावून पाहावे.

ते माप बाबासाहेबांनी दिले आहे. मार्च १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या खर्चावर बोलताना त्यांनी सरकारी आकड्यांतूनच दाखवून दिले की प्राथमिक शाळेत १०० मुले दाखल होतात, त्यांतली फक्त १८ चौथीपर्यंत पोहोचतात. उरलेली ८२ पुन्हा निरक्षरतेच्या खाईत जातात. प्राथमिक शिक्षणाचा हेतू काय, हेही त्यांनी तिथेच सांगितले. शाळेची पायरी चढलेले मूल पुरते साक्षर होऊनच बाहेर पडले पाहिजे आणि आयुष्यभर साक्षर राहिले पाहिजे. किती विषय, किती पुस्तके, किती भाषा, हे सारे नंतर. १०० आत गेले, बाहेर किती नीट आले, हा पहिला हिशेब.

त्याच्याही आधी जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले. अभ्यासक्रमावर सरकारला जाब विचारणारे आपल्याकडचे पहिले मोठे निवेदन तेच म्हणावे लागेल. रयतेच्या करातून पैसा गोळा होतो आणि खर्च होतो वरच्यांच्या उच्च शिक्षणावर, हे त्यांनी सांगितले. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा म्हणाले. आणि शाळेत काय शिकवायचे तेही सांगितले. मोडी व बालबोध लिहिणे-वाचणे, हिशेब, थोडा इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीतीचे आणि आरोग्याचे काही धडे. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून घ्यावेत, म्हणजे ते पोरांत मिसळतील, हेही सांगितले. ही यादी पुन्हा वाचून बघा. तिच्यात पोराचे घर दिसते. आजच्या किती अभ्यासक्रमांत आपल्या पोराचे घर दिसते?

आणि भाषेच्या बाबतीत तर आपल्या घरचाच दाखला आहे. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये असताना बालवयातल्या भीमरावांना संस्कृत शिकायची इच्छा होती. अस्पृश्य म्हणून ती नाकारली गेली, आणि त्यांना पर्शियन घ्यावी लागली. म्हणजे कुणी कोणती भाषा शिकायची हे वरून ठरवण्याचा खेळ आपल्याला नवा नाही. पूर्वी भाषा नाकारून मागे ठेवत. आता न पेलणारे ओझे घालूनही तेच होऊ शकते. हेतू वेगळा असेल, पण जे पोर मागे राहते ते आपलेच असते.

हे माप लावले म्हणजे दुसरीही एक गोष्ट दिसते. तज्ज्ञांच्या मागे आपण डोळे मिटून जायचे नाही. थोडे मागे जाऊ. २००० साली प्रा. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली. तेव्हाही मोठा वाद झाला. मराठीचे अभ्यासक आणि काही शिक्षणतज्ज्ञ विरोधात होते. लहान वयात परकी भाषा नको, मराठी मरेल, मुले गोंधळतील. बोलणे अगदी आजच्यासारखेच. परंतु बहुजन समाजाने त्या निर्णयाचे स्वागत केले. का केले? कारण इंग्रजी शाळेच्या फिया ज्यांना परवडत होत्या त्यांची मुले पहिलीपासूनच इंग्रजी शिकत होती. आपल्या पोराला ती पाचवीला भेटायची, आणि दहावीला त्याच विषयात त्याची दांडी उडायची. इंग्रजी ही ज्या शिडीने वर जायचे तिची पायरी होती. मागणी आपली होती, आणि ती पोराच्या हिताची होती.

मग तेव्हा चालले ते आता का चालत नाही, असे कुणी विचारील. विचारलेच पाहिजे. आमचे उत्तर असे. इंग्रजी ही रोजीरोटीची, कॉलेजची, कोर्टाची भाषा होती आणि तिच्यावाचून आपली मुले अडत होती. हिंदीवाचून सहा वर्षांचे पोर कुठे अडते? जी भाषा आपले पोर रस्त्यावर शिकते आणि पाचवीला वाचू लागते, ती पहिलीत घालून कोणती पायरी गाठली जाणार? आणि इंग्रजीचा अनुभवही नीट तपासावा. ती पहिलीपासून आली, पण शिकवणारा तयार नव्हता तिथे कविता पाठ होऊन राहिल्या, वाक्य बोलता आले नाही. तो निर्णय चुकला, असे यावरून म्हणता येत नाही. शिक्षक तयार केल्यावाचून चांगला निर्णयही अर्धाच पोहोचतो, एवढे मात्र कळते.

आता मे २०२४ ची हकीकत, कारण ती आपल्या जिव्हारी लागलेली आहे. राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने शालेय अभ्यासक्रमाचा आराखडा मसुदा म्हणून लोकांपुढे ठेवला आणि थोड्या दिवसांत हरकती मागवल्या. शेकडो पानांचा मसुदा, सुट्टीचे दिवस. त्यात मूल्यशिक्षणाच्या प्रकरणात मनुस्मृतीतला एक श्लोक सापडला. मोठ्यांना वंदन करणाऱ्याला आयुष्य, विद्या, यश, बळ मिळते, अशा अर्थाचा. मनाचे श्लोक, गीतेचा अध्याय यांच्या पाठांतराची सूचनाही त्यात होती. काही जण म्हणाले, श्लोकात वाईट काय आहे? वडीलधाऱ्यांचा आदर तर सांगितला आहे!

वाचकहो, वडीलधाऱ्यांचा आदर शिकवायला आपल्याकडे काय कमी आहे? आपली माणसे पोराला पंचशील शिकवतात, कबीर आहे, तुकाराम आहे, गाडगेबाबा आहेत. ज्या ग्रंथाने शूद्राला आणि स्त्रीला विद्या नाकारली, जो ग्रंथ २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांच्या उपस्थितीत जाळला गेला, त्याच ग्रंथातून विद्या मिळेल असा श्लोक आपल्या पोराला वाचायला द्यायचा? राज्यभर संताप झाला. महाडला चवदार तळ्यावर आंदोलन झाले. तेव्हाचे शिक्षणमंत्री दीपक केसरकर यांना सांगावे लागले की मनुस्मृतीतला श्लोक अभ्यासक्रमात येणार नाही.

यातून शिकण्यासारखे काय? तो श्लोक मोर्च्याने गेला हे खरे, पण तो कुणीतरी वाचला म्हणून मोर्चा निघाला. शेकडो पानांत एक श्लोक. कुणीतरी रात्र जागून पान पान वाचले. त्याच मसुद्यात अकरावी-बारावीला इंग्रजीची सक्ती असू नये, असेही सुचवले होते. श्लोकाच्या गदारोळात त्याची चर्चा आपल्या वस्त्यांत झालीच नाही. श्लोकाने आपला स्वाभिमान दुखावतो, ते लगेच कळते. इंग्रजी ढिली झाली तर आपला भाकरीचा रस्ता अरुंद होतो, ते मात्र दहा वर्षांनी कळते. म्हणून नुसते संतापून भागत नाही, वाचावे लागते.

आता शिक्षक बांधवांनाही दोन शब्द. रागावू नये. गुरुजी, तुमच्या मागण्यांत आम्ही तुमच्याबरोबर आहोत. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून इतर बिनशैक्षणिक काम शिक्षकाला देऊ नये असे स्पष्ट लिहिलेले असताना तुम्हाला माहित्या भरत बसावे लागते, ते चूक आहे. विषय वाढवताना तुम्हाला विचारले पाहिजे, हेही खरे. पण आमच्याही काही आठवणी आहेत. मागच्या बाकावर बसवलेली, नाव न घेता जातीवरून हाक मारलेली, 'तुझ्याच्याने होणार नाही' असे ऐकलेली माणसे आज आजोबा झाली आहेत. ती शाळा विसरली नाहीत. तुमचा लढा पगार, बदली आणि संचमान्यतेपुरता राहिला तर पालक लांबून बघतील. तो पोराच्या वाचण्यापर्यंत आला तर पालक मोर्च्यात पुढे चालतील. एप्रिल-जून २०२५ मध्ये शिक्षक आणि पालक एकाच बाजूला होते, आणि अडीच महिन्यांत दोन शासननिर्णय मागे गेले.

आता घरातल्या मंडळींसाठी, विशेषतः आपल्या भगिनींसाठी, चार कामाच्या गोष्टी.

पहिली. प्रत्येक सरकारी व अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत आणि निम्म्या स्त्रिया. दुर्बल घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा आहे. बऱ्याच ठिकाणी ही समिती सहीपुरती असते. सही करण्याआधी वाचून दाखवा म्हणावे. वाचता येत नसेल तर लाज कसली, शेजारच्या दहावीच्या पोरीला बरोबर न्यावे.

दुसरी. नवा मसुदा आला, हरकती मागवल्या, अशी बातमी दिसली की विहारात एका रविवारी तासभर तो वाचावा. सगळा नाही जमला तर भाषा, इतिहास आणि मूल्यशिक्षण एवढी प्रकरणे तरी. आपल्यात आता शिक्षक आहेत, वकील आहेत, बँकेतली माणसे आहेत. ज्याला समजते त्याने बाकीच्यांना समजावून सांगावे. मग एका साध्या कागदावर हरकत लिहावी, खाली सह्या-अंगठे घ्यावेत आणि मुदतीच्या आत पाठवावी. एक प्रत आपल्याकडे ठेवावी.

तिसरी. शिक्षकाला भेटून विचारावे की नवीन विषय आला तर तो तुम्ही कसा शिकवणार, आणि त्यासाठी तुम्हाला काय मिळाले? भांडायला जाऊ नये. बहुतेक शिक्षकांना हा प्रश्न कुणी विचारावा असेच वाटत असते.

चौथी आणि सर्वात सोपी. रोज रात्री जेवणाआधी पोराला मराठीच्या पुस्तकातल्या पाच ओळी मोठ्याने वाचायला लावाव्या. तुम्हाला वाचता येत नसेल तरी पोर अडखळते की सरळ वाचते, ते कानाला कळते. तीच आपल्या घरची परीक्षा.

ती ताई आम्हाला परवा पुन्हा भेटली. पोराची चौकशी केली. म्हणाली, "आता वाचतो हो. 'क' चांगला काढतो. 'ळ' मात्र अजून उलटा काढतो." आम्ही हसलो, तीही हसली. मग तिला आम्ही तिच्या जुन्या प्रश्नाचे उत्तर दिले. म्हटले, ताई, विचारायचे कुणाला असे तू विचारले होतेस. बाईंना विचार, समितीत बसून मुख्याध्यापकांना विचार, आमदाराला विचार, हरकत लिहून सरकारला विचार. पण विचार. उतरंडीच्या तळाशी असलेले मडके गप्प राहते, म्हणून वरची मडकी निर्धास्त असतात.

१९२७ साली बाबासाहेबांनी ८२ पोरांचा हिशेब मागितला होता. ती पोरे कोण होती? आपलेच पणजोबा, आपल्याच पणज्या. त्यांची नावे हजेरीपटावर आली आणि पुसली गेली. आज आपल्या पोराचे नाव हजेरीपटावर आहे. ते शेवटच्या पानापर्यंत तिथेच राहिले पाहिजे. भाषा दोन असोत की तीन, धोरण दिल्लीचे असो की मुंबईचे, आपण एवढाच हिशेब मागायचा, आणि तो दरवर्षी मागायचा.

जयभीम.